शंकेचा फटका

शहाद्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आमच्या संघातल्या एका पोरीच्या वडिलांचं, पण रविवारी ते आमच्या पोरींच्या सॉफ्टबॉलचा स्कोअर लिहितात. पेन्सिल कानावर, चपला बाकाखाली. चेंडू अडवणाऱ्या समोरचीच्या हातमोज्याला लागून निसटला, तर बॅटिंगवालीला हिट द्यायचा की समोरचीची चूक धरायची, हे लिहिणारा ठरवतो. "दखू, दखू," म्हणजे बघू बघू, म्हणत ते दुसऱ्यांच्या पोरींना हिट देतात. स्वतःच्या पोरीला कधीच नाही.

"मन्ही पोर शे. लोके काय म्हनतीन?"

हिटच्या याच आकड्यांवरून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. काल त्यांच्या पोरीचा सणसणीत फटका थर्ड बेसवालीचा हातमोजा हलवून गेला, तरी ते चूकच लिहायला लागले. मी पेन्सिल हिसकावून हिट लिहिला.

"भाऊ, तुमनी पोर ऱ्हाती तं?"

"तरी हिटच. आता तुमच्या पोरीचं मी लिहिणार, माझ्या पोरीचं तुम्ही."

पुढची बॅटिंग माझ्याच पोरीची. तिचा अगदी सोपा चेंडू समोरचीच्या हातून सुटला. असल्या चेंडूला त्यांनी तिला आजवर हिटच दिला होता. त्यांनी हात पुढे केला, मी पेन्सिल दिली. या वेळी "दखू" न म्हणता त्यांनी चूक लिहिली.

मी पेन्सिल हिसकावायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.