दारं कुणी धरायचं

दाजींनी गावच्या पाणी संस्थेच्या ऑफिसातला मॉनिटर फोडला तेव्हा मी समोर बसून चहा पीत होते. लोखंडी स्टूल त्यांनी एका हातानं उचललं आणि पडद्यावरच्या हिरव्या-निळ्या चौकोनांवर घातलं. काचेचा तुकडा माझ्या कपात पडला. ते रंगीत काम चेअरमनच्या पुतण्याचं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दाजी त्याला म्हणाले, "सुतकाचा रकाना कुठं हाय? दाव. न्हाई दावलास तर पुढचं स्टूल तुझ्या टाळक्यात."

रकाना नव्हताच. पुतण्या खंडाळ्याकडच्या एका कंपनीत कामाला. त्याला सुतकाचं काय माहीत असणार? दोघा संचालकांनी दाजींना मागून कव घातली आणि बाहेर काढलं. जाता जाता त्यांनी दाराला लाथ घातलीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. फौजेत सिग्नलमध्ये होते. पेन्शनीत आल्यावर म्हसवडच्या पूर्वेला आपल्या गावी परतले आणि तिथल्या पाणी वापर संस्थेसाठी, कुणी कधी पाणी घ्यायचं त्या पाळ्यांचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. एकच फाईल, लांबलचक. मी सांगलीजवळ माधवनगरला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात, चार जणांच्या ऑफिसात वेबसाईटी बनवते. ती फाईल मी पहिल्यांदा उघडली आणि माझं डोकं उठलं. कुठल्या आकड्याला म्हशीचं नाव, कुठल्याला चुलत्याचं. एकाला तर माझं नाव होतं. प्रोग्राममध्ये काही चुकलं की त्याची नोंद माझ्या नावावर पडत होती. मी फोन करून शिव्या दिल्या. ते म्हणाले, "मग? चुकीला मेव्हणीचंच नाव देत्यात."

पण त्या गचाळ फाईलमध्ये एक गोष्ट होती, आणि ती रक्तातून आली होती.

आमच्या भागात योजनेचं पाणी आलं ते अलीकडे. त्याआधी मेंढरं घेऊन फिरायचं आणि पावसाच्या नावानं बोटं मोडायची. पाणी आलं आणि माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. सरीत पाणी वळवायला खोऱ्यानं बांध फोडायचा आणि बुजवायचा, याला आम्ही दारं धरणं म्हणतो. ज्या घरात मयत झाली त्या घरानं दहाव्यापर्यंत दारं धरायचं नाही ही रीत. पण पाणी कुणाच्या मयतीसाठी थांबत नाही. त्या घराची पाळी सरळ पुढच्याला जायची आणि जळायचं ते पीक जळायचं.

दाजींचे वडील गेले तेव्हा असंच झालं. दाजी तेव्हा सीमेवर होते. सुतक फिटल्यावर त्यांचा धाकटा भाऊ वरच्या अंगाच्या शेजाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, आमच्या पाळीचं पाणी तुम्ही वरच अडवून घेतलंत, आता थोडं सोडा. शेजाऱ्यानं खोऱ्याचा तुंबा, पात्यामागचं जाड लोखंड, त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही. पडल्यावरही घातला. धाकटा जगला, पण त्याचा डावा हात लोंबतो आणि शब्द एकेक करून तोंडातून निघतो. गावानं प्रकरण मिटवलं. आमच्याकडे मिटवलं म्हणजे ज्याचं डोकं फुटलं त्यानं गप्प बसायचं.

म्हणून दाजींनी प्रोग्राम लिहिताना सगळ्यात आधी तो नियम लिहिला. ज्या घरात सुतक त्या घराचं पाणी राखायचं, आणि त्याचं दारं त्याच्यानंतर ज्याची पाळी त्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्यानं धरायचं. त्याचं रान भिजल्याशिवाय आपल्या रानात पाणी घ्यायचं नाही. गावानं हे सुखासुखी मानलं नाही. पहिल्या साली दाजींची मोटरसायकल पाटात बुडवलेली सापडली, आणि ज्यानं बुडवली त्याचे पुढचे दोन दात दाजींनी पाडले. मग मानलं.

आता लोकांना पाळी मोबाईलवर हवी होती. दाजींच्या प्रोग्रामचं जुनं पान मोबाईलवर उघडलं की अक्षरं मुंगीएवढी दिसायची. पुतण्या म्हणाला, सगळं पाडू आणि नवीन बांधू. त्याचं काय झालं ते सांगितलंच. मग संस्थेनं मला विचारलं. मी म्हणाले, जुनं राहू दे, त्याच्या शेजारी नवं उभं करते. प्रश्न एवढाच होता की कुठल्या फ्रेमवर्कवर. वेबसाईटचा तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. असे शेकड्यानं आहेत आणि प्रत्येकाचे भक्त दुसऱ्याच्या भक्ताला खाऊ की गिळू करतात. मी तीन निवडले.

दाजी स्वतः माधवनगरला आले. टॉवेल खांद्यावर, तोंड फुगलेलं. त्यांना तिन्ही नको होते.

"माझ्या फाईलच्या दारात तू दरवान हुबा करणार, आन् म्या त्याला इचारून आत जायचं?"

"आवं दाजी, तुमच्या फाईलला लोक शिव्या देत्यात. नवं बाहेर हुबं ऱ्हाईल, जुनं आत. जुन्याला कुणी हात लावत न्हाई."

"खोंड शिकवताना जुन्या बैलाशेजारी जुपत्यात. तेवढं ठावं हाय मला. पण तुझं खोंड जुन्यालाच शिंग मारंल."

"आवं, जुना बैल कवातरी मरतोच की."

हे बोलायला नको होतं असं काही मला वाटत नाही. खरंच होतं ते. दाजींनी माझ्या कीबोर्डवर अशी मूठ आपटली की बटणं उडून माझ्या ओटीत पडली. माझ्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. तो मी फेकला. भुवईच्या वर लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. ऑफिसातली तिन्ही पोरं उठून बाहेर गेली. दाजींनी टॉवेलनं डोळा पुसला, रक्त बघितलं आणि हसायला लागले. "हात चांगलाय. फौजेत जायची व्हतीस तू." संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मला वाटलं आता ही सोलणार. तिनं विचारलं, "टाकं पडलं का? न्हाई? मग नीट मारलं न्हाईस."

त्यानंतर दाजी शुद्धीवर आले म्हणायचं. कपाळाला पट्टी लावून खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तिन्हीत सुतक घाल. बघू कोण काय करतंय."

मी खोटी मयत घातली. पहिलं फ्रेमवर्क दिसायला देखणं, पण आल्या आल्या घराच्या किल्ल्या मागणारं. त्यानं पाळ्यांचा सगळा हिशोब स्वतःकडे घेतला, जुन्या फाईलला विचारलंच नाही, आणि मयतीच्या घराची पाळी सरळ पुढच्याला देऊन टाकली. दुसऱ्याची भाषाच वेगळी. दोघांमध्ये निरोप्या ठेवावा लागला, आणि आमच्या गावच्या नेटवर तो निरोप्या वाटेतच झोपला. मयत कळेपर्यंत पाणी सुटून गेलेलं. तिसरं लहान होतं, जुन्या फाईलच्याच भाषेतलं. ते दारात उभं राहायचं, आपलं काम आपण करायचं, आणि पाळीचा प्रश्न आला की दरवेळी मागं वळून जुन्याला विचारायचं. जुन्यानं सांगितलं, पाणी राखा. मोबाईलवर तेच उमटलं.

दाजी म्हणाले, "ह्ये जुप."

नव्या पानावरचं पाण्याचं पहिलं आवर्तन बघायला मी भर उन्हाळ्यात गावी गेले. बहिणीचा मका कोमेजलेला होता, पानं सुरळ्या करून उभा. पाणी आज-उद्या येणार आणि मका वाचणार, एवढ्याच आशेवर घर चाललं होतं. सकाळी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याची म्हातारी आई गेली. त्यांनी तिला दुपारच्या आत पोचवलं. संस्थेत सुतकाची नोंद झाली, आणि मी भाकरी खात असताना घरातले सगळे मोबाईल एकदम वाजले.

शेजाऱ्याचं पाणी राखलं होतं. दारं आमच्या घरानं धरायचं होतं. आधी त्याचं रान, मग आमचं.

ज्यानं धाकट्याचं डोकं फोडलं, त्याचं रान.

मला त्या तिसऱ्या फ्रेमवर्कचा असा राग आला की समोर असतं तर चिरडलं असतं. पहिलं घेतलं असतं तर पाणी आत्ता आमच्या मक्यात असतं, आणि नियमानं, कुणाच्या बापाची चोरी नाही. बहीण म्हणाली, "तुझ्या मशिनीला सांग, आमी न्हाई जात." चेअरमनचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "मी सांगत होतो, पाडा म्हणून." बहिणीनं त्याला चुलीतलं जळकं लाकूड दाखवलं तेव्हा गेला.

दाजींनी कोपऱ्यातलं खोरं घेतलं. धाकट्यानं आपलं घेतलं, उजव्या हातात. त्यांची तोंडं बघून मी ठरवलं की आज मुडदा पडणार. आणि खरं सांगायचं तर मला तो पडायला हवा होता. मी मागोमाग निघाले.

गाव आधीच बांधावर जमलं होतं. शेजाऱ्याचे दोन्ही मुलगे काठ्या घेऊन धावत आले. सुतकात घर हात बांधून बसलंय, आता हे जुना सूड घ्यायला आले, असंच त्यांना वाटलं असणार. मोबाईल बघायच्या मनःस्थितीत ते नव्हते. थोरल्यानं काहीच न विचारता दाजींच्या खांद्यावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दाजी गुडघ्यावर आले आणि आडवे झाले. दुसरी काठी पाठीत बसली. मी खाली वाकून हाताला आला तो दगड उचलला, नारळाएवढा, आणि थोरल्याच्या तोंडावर नेम धरला.

तेवढ्यात शेजारी स्वतः पुढं आला आणि मुलांच्या आणि धाकट्याच्या मधे उभा राहिला. उघडा, नुसत्या धोतरावर. आईला अग्नी देताना त्यानं डोकं भादरलं होतं. त्याच्या हातात काही नव्हतं. धाकटा त्याच्यापुढे हातभर अंतरावर, आणि त्याच्या हातात खोरं. समोर ते गुळगुळीत उघडं डोकं. शेजाऱ्यानं मान खाली घातली, म्हणजे टाळू पुढं केली. त्यालाही कळत होतं.

धाकट्यानं बराच वेळ त्या डोक्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलायला लागले. शब्द यायला त्याला वेळ लागतो.

"ऊन... लय हाय," तो म्हणाला. "टाळू... उघडी हाय तुजी. सावलीत... जा."

मग तो त्याला वळसा घालून पाटाकडे गेला आणि एका हातानं त्यानं बांध फोडला. पाणी शेजाऱ्याच्या पहिल्या सरीत शिरलं. काठ्या खाली आल्या. आडवे पडलेले दाजी बघत होते. वेदनेनं त्यांचे दात वाजत होते. शेजारी हळूहळू बाभळीखाली जाऊन बसला.

मी तशीच उभी होते, दगड उगारलेला. पाण्याला जोर होता आणि फोडलेली जागा रुंदावत चालली होती. धाकट्यानं लोंबणारा हात पाण्यात टेकवून ती अडवायचा प्रयत्न केला, जमेना. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "त्यो दगड... हिकडं दे. दाऱ्याला... लावायचाय."

मी पाण्यात उतरले आणि दगड त्याच्या हातात दिला.