मोबाइलवर राखलेली सुकेळी

नोकरमाणूस मोबाइलवरून सांभाळता येतो, असं मला एकेकाळी वाटायचं. आज नातवंडं माझ्या फोनमधली अक्षरं मोठी करून देतात, तेव्हा त्या वेळच्या माझ्यातल्या शहाणीची आठवण येते आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

होळी गावात आमची केळीची वाडी. राजेळी केळी पेंढ्यात पिकवायची, सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज परतायची आणि दव पडायच्या आत गोळा करून केळीच्याच सुक्या पानांत झाकायची. असं आठवडाभर केलं की मधासारखी सुकेळी होतात. संध्याकाळी झाकायची राहिली की नासलीच. हे सगळं सासूबाई बघायच्या. त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मांडव पहिल्यांदा माझ्या हाती आला. "बघू, तुला निभतं का," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यानेच माझी झोप उडाली.

हाताखाली माणूस हवा होता. तरणी पोरं यायची आणि किळस आणून जायची. एक मांडवाखालीच घोरायचा. दुसरा केळी परतता परतता बोटं चाटायचा, आणि त्याच बोटांनी पुढचं केळं. तिसऱ्याच्या रजेसाठी त्याची आई यायची. "काकू, आज त्याला कंटाळा आलाय." माझे स्वतःचे दोन चिरंजीव सुकेळी फक्त खायचे, तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांना किती बोलणार!

मग एक बारावी झालेला आला. शर्ट खोचलेला, वाकून नमस्कार, दर वाक्याला "येस काकू". मी विरघळलेच. त्याला जबाबदारी वाटावी म्हणून चक्क नवा मोबाइल घेऊन दिला. तेव्हा तो आमच्या आळीत मोजक्याच लोकांकडे होता.

तेवढ्यात मुलीच्या बोळिंजच्या फ्लॅटची वास्तुशांत निघाली. सासूबाईंना आणि घरच्या सगळ्यांना घेऊन मी चार दिवस तिकडे. रोज दिवेलागणीला पाहुण्यांच्या देखत, मुद्दाम मोठ्याने, फोन लावायची.

"सुकेळी झाकलीस का रे?"

"येस काकू, आत्ताच."

पाहुणे कौतुकाने बघायचे आणि मी पदर सारखा करायची. एकदा फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्यांनी तो लांब धरला. "लाटा वाजतायत गं. होळीत समुद्र कधी आला?"

"मोबाइलमध्ये आवाज तसाच येतो, आई," मी त्यांना समजावलं. काय तो माझा अभ्यास!

परत आलो तर फाटकातच आंबूस वास. मांडवावर हिरवट बुरशी, खाली चिकट पाणी, त्यात माश्या बुडून मेलेल्या. एक सुकेळं उचललं तर बोटांत लिबलिबलं आणि आत काहीतरी वळवळलं. मी तिथेच ओकले.

स्वारी तासाभराने उगवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना वाळू, काखेत बॅट.

"कुठे होतास?"

"राजोडीच्या किनाऱ्यावर, काकू. मॅचेस होत्या ना."

"आणि रोज 'झाकली, झाकली' कोण म्हणत होतं?"

तो जरासुद्धा ओशाळला नाही. "पण काकू, तुमचा एक तरी कॉल मिस केला का मी?"

"मेल्या, तुला कॉलसाठी ठेवला होता की केळ्यांसाठी?"

"केळ्यांना बघायला कुणी आलंच नाही ना, काकू."

मोबाइल हिसकावून घेतला आणि त्याला फाटकाबाहेर काढला. अंगणात सडक्या केळ्यांचा ढीग, त्यावर माश्या, आणि शेजारी हातात मोबाइल घेतलेली मी. शिसारी नेमकी कशाची येतेय तेच कळेना. पेंढ्यात केळ्यांची आणखी चार लोंगरं पिकत होती, ती दुसऱ्या दिवशी सोलायला हवी होती. सासूबाई ओटीवरून सगळं बघत होत्या. त्यांनी खांबाला धरून एक एक गुडघा सरळ केला, पायरी उतरून माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या,

"त्याला काढलंस, बरं केलंस. आता तूही हो घरात. उद्यापासून मांडवाशी मी बसते, आणि मला फोनबिन करू नकोस."