पान सत्तेचाळीसवर चहाचा डाग

मालूताई कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी त्याचा वास घेत. मग शिवण बघत, आणि मग पानं मोजायला लागत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी मोजणी संपेपर्यंत त्या बोलत नसत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे काम चांगलं वीस मिनिटं चाललं. शेवटी पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "एकशे ब्याण्णव. पूर्ण आहे. पण पान सत्तेचाळीसवर चहाचा डाग आहे, बशीएवढा. तो बघून घ्या, मग पैशाचं बोलू."

मी बँकेतला माणूस. बदली होऊन बनारसला आलो होतो. कॉलेजात असताना आम्ही चार मित्र पुण्यात एक खेळ खेळत असू. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकून निकाल लावायचा. अशा खेळांच्या नियमांचे जाडजूड ग्रंथ परदेशात निघत. त्यांतले पुष्कळ आता छापले जात नाहीत, आणि जे त्या काळी पोरं होते ते आता कमावते झाल्यामुळे जुन्या प्रतींना भलता भाव येतो. असंच एक पुस्तक शोधताना इंटरनेटवर मला एक जाहिरात दिसली. विकणाऱ्याने गुण सांगायच्या आधी दोषांची यादी दिली होती. ‘पृष्ठ ११२ वर कोणीतरी पेन्सिलीने राक्षसाला मिशा काढल्या आहेत’ असंही त्यात होतं. पत्ता निघाला संकठा घाटाच्या मागच्या गल्लीतला, माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटांवर.

मालूताई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे पूर्वज पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेले. वडील रामघाटाजवळ पाठशाळेत वेद शिकवत. त्या स्वतः एका संस्कृत छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं वाचत होत्या. लग्न केलं नाही. वडिलांच्या वेळी घरातली एक खोली संस्कृत शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना भाड्याने दिलेली असे. त्यांतला एक जण गावी परतताना एक पत्र्याची ट्रंक ठेवून गेला. काही वर्षांनी त्याचं पत्र आलं, की आता मी येणार नाही, ट्रंकेत जे असेल ते तुमचं. ट्रंकेत ही पुस्तकं होती. छापखाना बंद पडल्यावर मालूताईंनी त्यातलं एक विकून पाहिलं आणि आलेली रक्कम बघून त्यांना दोन दिवस वाटत राहिलं की कोणीतरी चुकून एक शून्य जास्त लिहिलं. तेव्हापासून घाटांवरच्या लॉजांमधून, रद्दीच्या दुकानांतून त्या ही पुस्तकं हुडकून आणू लागल्या.

भाव कसा ठरतो, हे मी त्यांना एकदा विचारलं.

"दोन हट्टी माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "एकच असेल तर ती रद्दी. दोन असले की भाव. बाकी सगळं फालतू."

तसं ते फालतू नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. नकाशा हरवला की किंमत निम्मी होते, पहिली छपाई असेल तर चढते. पहिली छपाई त्या शाईवरून आणि चुकांवरून ओळखत. "दुसऱ्या छपाईत चुका सुधारतात ना," त्या सांगत, "म्हणून जिच्यात जास्त चुका ती महाग. आमच्या छापखान्यात असं असतं तर मालकाने मला ठेवलंच नसतं!"

त्या ट्रंकेतला एक खोका मात्र त्यांनी विकला नव्हता. एका लहानशा प्रकाशकाने थोड्या प्रती काढून लगेच दुकान बंद केलं होतं, तो खेळ. नकाशा, फासे, तिन्ही पुस्तिका, सगळं जागच्या जागी. मालूताईंचे गुडघे तेव्हा फार बिघडले होते. ऑपरेशनला शिल्लक पुरत नव्हती आणि जे कमी पडत होतं ते या खोक्यातून निघणार होतं. बंगळूरच्या एका गृहस्थाने नव्वद हजार देऊ केले. दवाखान्यात तारीखही मिळाली.

त्याच सुमाराला त्यांना परदेशातून एक ईमेल आला. कोणी नवा प्रकाशक तोच खेळ पुन्हा छापत होता. मूळ मजकुरातला काही भाग हरवला होता, म्हणून चांगल्या प्रतीतल्या दोन तक्त्यांचे फोटो हवे होते. मालूताईंनी फोटो पाठवले, वर तिन्ही पुस्तिकांतल्या अकरा चुका शोधून त्यांची यादीही पाठवली. मी ते ऐकून कपाळाला हात लावला.

"अहो ताई, स्वतःच्याच मालाचा भाव पाडायला मदत केलीत तुम्ही."

"चुका होत्या हो त्यात," त्या म्हणाल्या.

बंगळूरच्या गृहस्थाला या नव्या छपाईचा पत्ता नव्हता. बातमी जाहीर व्हायला महिना होता. पैसे तो दुसऱ्या दिवशी पाठवणार होता. मी तिथेच बसलो असताना मालूताईंनी त्याला फोन लावला.

"भैया, एक बात सुन लीजिए. अगले महीने यही खेल नया छपकर आ रहा है. फिर इसका इतना दाम नहीं रहेगा. अब सोचकर बताइए."

मग तो म्हणाला, "थैंक यू, आंटी. फिर मैं रुक जाता हूँ."

मी रागावलो. "त्याने विचारलं नव्हतं. तुम्ही खोटं तर बोलत नव्हता."

"प्रूफ वाचताना चूक दिसली आणि लेखकाने विचारलं नाही, तर मी सोडून द्यायची का? बिलकुल नाही." एवढं बोलून त्या चहा टाकायला उठल्या. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. तारीख रद्द करायला दवाखान्यात मीच फोन केला.

नवी छपाई आली. जुन्या प्रतीचा भाव चौथाईवर आला. नव्या पुस्तकात मदत करणाऱ्यांच्या यादीत मालूताईंचं नाव होतं आणि त्यात एक अक्षर चुकलं होतं. त्या ते बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी तो खोका माझ्यापुढे ठेवला. "शेकडो पुस्तकांची पानं मोजली, पण हे खेळतात कसं ते कोणी दाखवलं नाही. आता स्वस्त झालंय, खराब झालं तर परेशानी नाही."

त्या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी खेळलो. मी, मालूताई, त्यांची भाची रेवती आणि खालच्या मजल्यावरचे शिवणकाम करणारे इस्माईलभाई. पात्र निवडताना रेवती योद्धा झाली, इस्माईलभाई वैद्य. मालूताईंनी चोर व्हायचं ठरवलं. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या," त्या म्हणाल्या, "आता मला कोणी पकडून दाखवा." तिसऱ्याच रविवारी त्यांनी आमच्याच वैद्याची थैली लांबवली. इस्माईलभाई आठवडाभर रुसले होते.

ऑपरेशन पुढे दीड वर्षाने, पैसे जमल्यावर झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दुखणं थोडं कमी झालं, लंगडणं राहिलं.

पुढे माझी नागपूरला बदली झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी रेवतीचा फोन आला, की मावशी झोपेतच गेली. मला आठवली ती आमची शेवटची भेट. मी नको म्हणत असतानाही त्या मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला निघाल्या होत्या. दर दहा पावलांवर थांबत होत्या. न राहवून मी विचारलं, "ताई, बंगळूरच्या त्या फोनचा पस्तावा होतो का हो?"

"होतो की. चालताना रोज होतो."

"मग?"

"मग काय, होऊ दे." त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि पाय लांब केले. "बसलं की थांबतो. तुम्ही व्हा पुढे, गाडी चुकेल."