तहानलेल्या घराचा नियम

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघींनी मिळून एक पटावरचा खेळ करायला घेतला. दोघी म्हणजे मी, पुण्यात बिबवेवाडीतच वाढलेली, आणि माझी वर्गमैत्रीण, यवतमाळकडची, आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारी. खेळ पाण्याचा होता. पटाच्या एका टोकाला धरण, तिथून निघालेली पाइपलाइन आणि तिच्यावर पाच घरं. पाणी म्हणजे बाटल्यांची निळी रंगवलेली झाकणं. आपली टाकी जो आधी भरेल तो जिंकला.

महिनाभर तो खेळ काही जमेना. शेवटच्या घरावर बसणारा दर डावात हरायचा. एका दुपारी आम्ही शेजारच्या काकूंना त्या घरावर बसवलं. चार फेऱ्या त्या मुकाट्याने खेळल्या, मग पट आमच्याकडे सरकवून म्हणाल्या, "रोज सकाळी मी हेच करते. याला खेळ म्हणतात हे माहीत नव्हतं."

मी रडकुंडीला आले. मैत्रीण मात्र हसत सुटली. झाकणं गोळा करता करता तिने मला तिच्या आईबद्दल सांगितलं. उन्हाळ्यात त्यांच्याकडे टँकर आला की तिची आई मुद्दाम रांगेत शेवटी उभी राहायची. कधीकधी रिकामी घागर घेऊन परत यायची. पण पुढच्या टँकरला कुणी किती पाणी घ्यायचं, हे सगळ्या बायका तिच्या आईलाच विचारायच्या.

"हेच घालू ना खेळात," ती म्हणाली.

दर फेरीत एकाने आपणहून कोरडं राहायचं. पुढच्या फेरीत पाणी सोडायची चावी त्याच्या हातात. एवढाच नियम. पण लोक एकमेकांना गळ घालू लागले, रुसू लागले, शब्द देऊन फिरवू लागले. त्याच काकू लागोपाठ तीन डाव खेळल्या आणि तिकडे त्यांचं दूध उतू गेलं.

पुढच्याच महिन्यात तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. गावी जायला स्वारगेटला बसमध्ये चढताना मैत्रीण म्हणाली, "तू पुढं ने. मी येतेच पंधरा दिवसांत."

ती आली नाही. सुरुवातीला आम्ही फोनवर खेळाबद्दल बोलायचो, मग फक्त आईच्या व्यायामाबद्दल, मग फोनच कमी झाले. तिने कॉलेज सोडल्याचं मला सरांकडून कळलं. "प्रोजेक्ट आता तुझ्या एकटीच्या नावावर जाईल," सर म्हणाले. "आभारात तिचा उल्लेख कर हवं तर."

नियमांच्या पुस्तिकेत मी आभाराचं पान केलं होतं. छापायला देताना ते चुकून राहिलं, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. राहिलं नव्हतं. मी काढलं होतं.

अंतिम सादरीकरणाला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. त्या पूर्ण डाव खेळल्या आणि त्यांनी विचारलं, "हा कोरडं राहण्याचा नियम तुम्हाला कसा सुचला?"

"माझ्या आईवरून," मी म्हणाले.

आणि मग थांबताच आलं नाही. टँकर, रांग, रिकामी घागर, सगळं सांगितलं. माझी आई आयुष्यात कधी टँकरच्या रांगेत उभी राहिलेली नाही. बाईंचे डोळे भरून आले. कॉलेजने त्या भाषणाचा व्हिडिओ काढला आणि आपल्या वेबसाइटवर टाकला.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला : "खेळाचा डबा छान झालाय." तेवढंच. मी लगेच फोन केला. ती शांतपणे बोलली, आई आता आधाराने बसते म्हणाली. मी आभाराच्या पानाबद्दल काहीतरी पुटपुटू लागले, तेव्हा तिने मला अडवलं.

"नावाचं काही नाही वं. पण आईची गोष्ट सांगाले नव्हती पाहिजे तू. व्हिडिओ तिनंबी पाहिला."

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला. त्यानंतर तिने माझा फोन कधीच उचलला नाही. मी लांबलचक माफी लिहून पाठवली; ती वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. कॉलेजला पत्र लिहून तिचं नाव घालायची विनंती केली. निकाल लागून गेलाय, आता नोंद बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. खेळ तिथल्या काचेच्या कपाटात आहे, माझ्या नावाची पट्टी लावून.

आता मी नोकरी करते, मोबाइल ॲपचे स्क्रीन आखते. अधूनमधून नवा खेळ काढायला बसते. पट आखून होतो, सोंगट्या होतात. मग पहिला नियम लिहायची वेळ येते आणि हात चालत नाही. घरचे म्हणतात, कंटाळा येत असेल. मी हो म्हणते.