‘मुक्काम’वरचे दोन निबंध

ज्याच्या घरातलं पहिलं जाड पुस्तक म्हणजे त्याचंच बारावीचं गाइड, त्याने शब्दांच्या जन्माबद्दल लिहिणं हा अगाऊपणाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

भोरच्या कॉलेजात मराठीच्या सरांनी सगळ्या वर्गाला कुठल्याही एका शब्दावर निबंध लिहायला सांगितला. त्यांतला एकच पुण्याच्या चर्चासत्रात वाचला जाणार होता. तो माझा असावा असं मला फार वाटत होतं. मी ‘मुक्काम’ निवडला, कारण आमच्या हिर्डोशीला मुक्कामाची एसटी येते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपतात आणि त्यांचं जेवण पाळीपाळीने एकेका घरी असतं.

हे मी बाकावरच्या मित्राला सांगून बसलो. त्याचे वडील वकील, घरात शब्दकोशांचं कपाट. आठवड्याने तो म्हणाला, “मीपण मुक्कामच घेतलाय रे. भारी शब्द आहे!” मूळ अरबी ‘मकाम’, म्हणजे उभं राहण्याची जागा. आपला ‘कायम’ही त्याच मुळातला. तुर्कीत त्याचा अर्थ हुद्दा, आणि गाण्यातली सुरांची चौकटसुद्धा. इंडोनेशियात तर कबर. हे सगळं त्याने वडापाव खाता खाता सांगितलं. त्याचा शब्द समुद्र ओलांडून गेला होता. माझा वरंधा घाटाच्या अलीकडेच थांबत होता.

शनिवारी आमची पाळी होती. जेवताना कंडक्टर म्हणाले, “वहिनी, पोरगं लई गप हाय. पोरीबिरीचं न्हाई ना?”

“कशाची पोर! कुठल्याशा शब्दाच्या मागं लागलंय,” आई म्हणाली. “तुमी कालवण घ्या.”

मी विचारलं, “काका, मुक्काम म्हंजे काय वो तुमच्या लेखी?”

“बायकोला फोन लागत न्हाई ती जागा.”

ड्रायव्हरना ठसका लागला. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

सोमवारी मित्र म्हणाला, “या शनिवारी तुझ्याकडे राहायला येतो. ती गाडी, ते जेवण बघितल्याशिवाय माझ्या निबंधात जीव यायचा नाही.”

“गाडी बंद झाली,” मी म्हणालो. “मागच्याच आठवड्यात.”

“अरेरे. मग तू जातोस कसा?”

“टेम्पोने.”

त्याला माझ्यासाठी खरंच वाईट वाटलं. त्या संध्याकाळी मी त्याच एसटीने घरी गेलो.

निबंध देऊन मी भातकापणीला घरी राहिलो. घरी मोबाईलला रेंज नसते, म्हणून कॉलेजचं काही कळेना. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. कंडक्टरांनी मला खाली उतरून हाक मारली.

“तुझा मित्र आलता स्टँडवर. इचारत व्हता, ही गाडी हिर्डोशीला मुक्कामी जाती का? म्या म्हनलं, जाती की, रोजच जाती. लई येळ पाटीकडं बघत उभा ऱ्हायला. मंग म्हनला, त्याला सांगा, पुण्याला त्याचाच निबंध घेतलाय. माजा म्या दिलाच न्हाई, न बघता कसा देऊ.”