समुद्रावरच्या दिव्यांना भंडाऱ्याचं पितळ

लग्न होऊन मी दिघोरीहून भंडाऱ्याला आले, तेव्हा सासरच्या घरातला हातोडीचा आवाज जवळजवळ थांबलाच होता. सासरे पितळेची भांडी घडवायचे. त्यांना मी मामाजी म्हणायची. एके काळी त्यांच्या हातचे गुंड, म्हणजे पाणी भरायचे पितळी घडे, लेकीबाळींच्या आंदणात पार नागपूरपर्यंत जायचे. आधी स्टील आलं, मग प्लास्टिक आलं. मी आले तेव्हा फुटक्या परातीला डाग दे, देवळातली समई नीट कर, एवढंच काम उरलं होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा जवळच्याच शहापूरकडच्या एका कारखान्यात. दिवसभर घरात मामाजी आणि मी, आणि दोघांनाही फार बोलायची सवय नाही.

एका दुपारी अड्याळचे एक गृहस्थ पोतं खांद्यावर घेऊन दारात आले. बरीच वर्षं नौदलात इलेक्ट्रिशियन होते, म्हणून सगळे त्यांना नेव्हीवालेच म्हणत. निवृत्तीनंतर विशाखापट्टणमच्या बंदरावर, भागीदारीत, बोटींचे मोठे सर्चलाइट दुरुस्त करायचं काम ते करत. पोत्यातून त्यांनी एक गोल डबा काढला. मोठ्या पातेल्याएवढा, आणि गंजून चाळणी झालेला.

"काका, बोटीच्या सर्चलाइटचा डबा हाय हा. आतमंदी दिवा, मांगं आरसा, समोर काच. समुद्राच्या खाऱ्या हवेनं लोखंड खाऊन टाकलं. पितळेचा करून देता काय?"

मामाजींनी डबा मांडीवर घेऊन फिरवला. "एवढा मोठा दिवा कायले लागते?"

"मैलभर पाण्यावरचं पाहाले. कोणाचं जाळं कुठं हाय, समोर खडक हाय का बोट हाय. एखादा मानूस पडला तर त्याले शोधाले."

"समुद्र काई म्या पाहिला नाई," मामाजी म्हणाले, "पण गोल मले समजते. ठेवून द्या."

आठ दिवस घर पुन्हा जागं झालं. मामाजी पत्रा तापवायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे. मी भट्टीला कोळसा घालायची, आणि काम झालं की चिंच आणि राख घेऊन घासायला बसायची. आमच्या घरात बायांच्या वाट्याला घासणंच होतं. समोरची काच धरून ठेवणारं जाड कडं मामाजींनी खरादवाल्याकडून लेथवर कातून आणलं आणि डब्याला झाळलं. तयार झाल्यावर तो असा झळकत होता की शेजारच्या बाया बघायला आल्या. एकीनं विचारलं, "यात भात किती शिजन?"

नेव्हीवाले आले. त्यांनी कड्यात काच बसवली, स्क्रू आवळले आणि डबा आमच्या अंगणातल्या टाक्यात बुडवून धरला. कड्याच्या दोन जागांहून बुडबुडे निघाले.

मामाजींचा चेहरा उतरला. "माह्या हातचा गुंड आजपर्यंत गळला नाई भाऊ."

"गुंडात पाणी आत राह्यते, काका. इथं पाणी बाहेर राह्यलं पायजे. वादळात लाटा वरून येतात."

मामाजींनी तीनदा कडं ठोकून सरळ केलं. तिन्ही वेळा बुडबुडे. संध्याकाळी ते ताटावरून अर्ध्यात उठले. त्यांचं काय चुकत होतं ते मला दिसत होतं, पण बोलू कशी? माझे वडील दिघोरीला शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिनाचा व्हॉल्व्ह बैठकीवर नीट बसला नाही तर ते खरखरीत पेस्ट लावून तो घासत बसत, आणि लहानपणी मी त्यांच्याशेजारी बसून तेच करायची. हातोडीनं असा सपाटपणा येत नाही. तो घासूनच येतो.

दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी चहा देताना बोलून टाकलं.

"मामाजी, कडं ठोकू नका. काचेवर घासून पाहू काय?"

त्यांनी मान वर केली. "तुले कसं समजते हे?"

मी वडिलांचं सांगितलं. मामाजींनी हातोडी खाली ठेवली. मग उठले, बाजारात गेले आणि एका बंद पडलेल्या दुकानाच्या शोकेसची जाड काच घेऊन आले. "बस इथं," म्हणाले, आणि स्वतःसमोरची जागा दाखवली. त्या जागेवर त्या घरातली बाई आधी कधी बसली नव्हती.

मी काचेवर तेलात कालवलेलं काजळ फासलं आणि कडं त्यावर टेकवलं. जिथं काळं लागलं ती जागा उंच. मग पेस्ट लावून आठचा आकडा काढत घासत राहिले. पुन्हा काजळ, पुन्हा पेस्ट. मामाजींनी एकदा स्वतः करून पाहिलं, पण आयुष्यभर हातोडी धरलेला त्यांचा हात जड पडत होता. "तूच कर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी काजळ कड्याला सगळीकडे सारखं लागलं.

टाक्याभोवती आम्ही दोघं चूल राखावी तसे बसलो. डब्यात वर्तमानपत्राचा तुकडा टाकून मामाजींनी काच आवळली होती आणि डबा पाण्यात बुडवला होता. एकही बुडबुडा नाही. संध्याकाळी डबा काढून काच उघडली. कागद कोरडा. मामाजींनी तो दोन बोटांनी चोळून पाहिला आणि मला दिला. "पाह्य तू बी."

नेव्हीवाल्यांनी डबा पसंत केला, पण जाताना सहज म्हणाले, "आता याले पांढरा रंग मारू."

"रंग? पितळेले?"

"चमकलं तर उजेड उलटून खलाशाच्या डोळ्यात जाते, काका."

मामाजींनी डबा देऊन टाकला. पण पुढचे डबेही ते मला तसेच चिंच-राखेनं घासायला लावत. एकदा मी विचारलं, "रंगच लागते मामाजी, काहून घासाचं?" ते म्हणाले, "घासल्याबिगर भेग दिसन काय तुले?"

पुढची काही वर्षं आमच्या घरात हेच काम चाललं. सकाळी चहा उकळायच्या आत मामाजींची पहिली फेरी ठोकून व्हायची. दुपारी मी कडी घासायची. मुलगा पोटात असतानाही घासत होते, आणि तो रांगायला लागल्यावर पेस्टचा डबा फळीवर ठेवावा लागायचा. एकदा नेव्हीवाल्यांनी आतला दिवा आणि बॅटरी आणली, आणि तिन्हीसांजेला आम्ही वैनगंगेच्या काठावर गेलो. त्यांनी बटण दाबलं आणि पलीकडचा काठ एकदम जवळ आला. झाडाची फांदी न् फांदी दिसत होती. वाळूवर बसलेले बगळे उठले. मामाजींनी दिव्याकडे पाहिलंच नाही. ते पलीकडे पाहत होते. "हे आपल्या घरातून जाऊन राह्यलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मग एलईडी आले. ते सांगायला नेव्हीवाले फोन न करता स्वतः आले. जेवणाच्या डब्याएवढा एक काळा दिवा त्यांनी मामाजींच्या हातात दिला. मामाजींनी तो उलटसुलट केला, सांध्यावरून नख फिरवलं.

"चांगला बनवला हाय," ते म्हणाले. "चहा घ्या."

जाताना नेव्हीवाले म्हणाले, "काका, तुमचे दिवे लागून हायत तंवर एकदा येऊन जा."

त्या हिवाळ्यात नवऱ्यानं सुट्टी काढली आणि आम्ही विशाखापट्टणमला गेलो. मासेमारीच्या बंदरावर नेव्हीवाले आम्हाला एका बोटीवर घेऊन गेले. वर आमचा डबा होता, पांढऱ्या रंगाचा. मामाजी खलाशाचा हात धरून चढले, कड्यावर अंगठा फिरवला, आणि नेव्हीवाल्यांना म्हणाले, "याले इचारा, पानी जाते काय." खलाशी हसून नाही म्हणाला. मामाजी लगेच खाली उतरले. त्यांना बंदरामागच्या गल्लीतून ठोक्यांचा आवाज येत होता.

आवाजामागं गेलो, तर एका दुकानात एक म्हातारा तांब्याची घागर ठोकत होता. त्याला मराठी येत नव्हतं, मामाजींना तेलुगू. मामाजी त्याच्यासमोर बसले. त्यानं घागर पुढे केली, यांनी बोटानं वाजवून पाहिली आणि मान हलवली. त्यानं आपली हातोडी दिली. तासभर दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. मी आणि नवरा बाहेर पायरीवर बसून राहिलो. उघडा समुद्र पाहायचा राहिला तो राहिलाच.

मामाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. मी घरीच पंपांची आणि इंजिनांची कामं घेते. आसपासच्या गावांतले शेतकरी येतात. पहिल्यांदा येणारा बाई पाहून जरा थबकतो, मग सामान खाली ठेवतो. काम करताना मला परतीची गाडी आठवते. मामाजी खिडकीशी बसले होते. रायपूर मागं पडलं होतं. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या मानसाची ठोक चांगली हाय, सूनबाई. फक्त घाई करते."