बशीला डोकं नसतं

अमावास्या-पौर्णिमेला बाईंना कुणी बोलावलेलं खपायचं नाही. त्या पहाटे मोठी ओहोटी लागते, हरिहरेश्वरचे खडक लांबवर उघडे पडतात, आणि बाईंना तिथलं शेवाळ हवं असायचं. लग्नाचं आमंत्रण आलं की म्हणायच्या, "अष्टमीचं ठेवा, येते." सख्ख्या बहिणीची हळद पौर्णिमेला आली, तर बाई शेवाळाची बादली घेऊन थेट मांडवात. सगळा मांडव नाक धरून बसला होता.

कॉलेजात त्या आम्हाला वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. पुढे मीही तिथंच शिकवायला लागले. तपकिरी शेवाळातून त्या एक अर्क काढत. मुंबईच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशी त्या अर्कानं तग धरत. विसरण्याच्या आजारावर यातून कधीतरी औषध निघेल, ही बाईंची आयुष्यभराची आशा. पण कुणी त्याला इलाज म्हटलं, की भडकायच्या. "बशीतली पेशी जगली हो. बशीला डोकं नसतं. आणि काही बिघडलं, तर बशीमागे रडायला पोरं नसतात."

शेजारची कोळीण दारात येऊन बसली होती. "बाई, चिमूटभर द्या नं. म्हातारी मला वळखत न्हाय." बाईंनी दिलं नाही. पुढे त्यांची स्वतःची आई त्यांना मोलकरीण समजून हाकलायला लागली, तेव्हाही दिलं नाही. भाचा अंगावर धावून आला. "आजी चाललीय, मावशी, आणि तू नियम सांगतेस!" बाई एवढंच म्हणाल्या, "माणसांवर तपासलेलं नाही रे." गावानं त्यांना दगड ठरवलं. गावाचं काय जातं? त्या रात्ररात्र आईच्या उशाशी बसायच्या, ते मी पाहिलंय.

मग एका अष्टमीला त्यांनी मला पहाटे खडकांवर बोलावलं. अष्टमीच्या सकाळी भरती असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी पार पायऱ्यांशी आलं होतं आणि बाई बादली धरून विचारत होत्या, "खडक कुठं गेले गं?" मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा.

आता गावातल्या दुकानांत कोकम सरबताशेजारी भाच्याची शेवाळपूड मिळते. पुडीवर बाईंचा फोटो. भरतीला वाहून आलेलं काहीही वाळवतो मेला, आणि पर्यटक मेंदूसाठी म्हणून पिशव्या भरून नेतात.

गेल्या महिन्यात बाईंना भेटायला गेले, तेव्हा तो दुधात तीच पूड ढवळत होता. मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, "आजीला नाही मिळालं. हिला तरी मिळू दे." त्याला ते मनापासून वाटत होतं. नुसता लबाड असता, तर मी पेला हिसकावून घेतला असता.

बाईंनी पुडी हातात घेऊन फोटो न्याहाळला. "या कोण बाई?"

भाच्यानं पेला समोर ठेवला. त्यांनी पेला उचलला, आणि ओठांशी नेता नेता थांबल्या.

"माणसांवर तपासलंय ना?"

"हो, मावशी."

"मग हरकत नाही," म्हणाल्या, आणि सगळं दूध पिऊन टाकलं.